कॅमेऱ्याचं तोंड कुणाकडे?

फेब्रुवारी २०२४. नाशिकच्या एका खासगी दवाखान्यात माझ्या मावसभावाचा उजवा पाय वाचवायचा की गुडघ्याखाली कापायचा, यावर डॉक्टरांचं चाललं होतं. खाली जिन्याजवळ ट्रान्सपोर्ट कंपनीचा सुपरवायझर उभा होता. त्याने वहिनीला बाजूला बोलावलं, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "ताई, झालं ते वाईटच झालं. पण हे एकदा बघून घ्या. नंतर आमच्यावर बोल नको."

अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. रंग नसलेला, राखाडी. स्टेअरिंगमागे दादाचा चेहरा. मान एकदा खाली जाते, झटक्याने वर येते. पुन्हा खाली जाते. मग सगळं हादरतं आणि चित्र थांबतं. कोपऱ्यात वेळ दिसते: पहाटे ४:३८.

"झोपला होता," सुपरवायझर म्हणाला. "ड्रायव्हरचीच चूक म्हटल्यावर विमा कंपनी काय देणार? तरी मालक मोठ्या मनाचे. पंचवीस हजार देतायत. इथे सही करा, म्हणजे विषय मिटला."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेली मीच. समाजशास्त्रात एम.ए., वस्त्यांमध्ये काम, १४ एप्रिलला माईकवर बोलणारी. आणि मी काय केलं? मी त्या व्हिडिओवर विश्वास ठेवला. "सही आत्ता नको, वहिनी," एवढंच शहाणपण सुचलं. पण मनात निकाल लागून गेला होता. दोन दिवसांनी दादा शुद्धीवर आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "दादा, झोपला होतास का रे?"

पाय गेलेल्या माणसाने तोंड भिंतीकडे फिरवलं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "तूपण तोच व्हिडिओ पाहिलास का तायडे?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उशिरा दिलेलं.

अकरा सेकंदांच्या आधीचे अठ्ठावन्न तास

दादा पस्तीस वर्षांचा. भिवंडी ते नागपूर कंटेनर चालवायचा. पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा, लांबच्या फेरीला जोडीला दुसरा ड्रायव्हर असायचा. आता एका गाडीवर एकच माणूस. अपघाताच्या सात-आठ महिने आधी मालकाने सगळ्या गाड्यांच्या केबिनमध्ये ड्रायव्हरकडे तोंड केलेला कॅमेरा बसवला. हे यंत्र अंधारातही पाहतं. डोळे किती वेळ मिटले, जांभई आली का, मोबाईल कानाला लागला का, पट्टा बांधलाय का, सगळं टिपतं. काही चुकलं की केबिनमध्ये पीं पीं वाजतं आणि त्याच क्षणी काही सेकंदांचा तुकडा कंपनीच्या कंट्रोल रूमला जातो. बाकीचं चित्रण कार्डावर राहतं आणि कार्ड भरलं की जुन्यावर नवं चढतं. म्हणजे टिकतं काय? ड्रायव्हरच्या चुकीचे तुकडे. पुसलं काय जातं? उरलेला सगळा दिवस.

तो उरलेला दिवस आम्ही जोडून काढला. कॅमेऱ्यातून नाही, कागदांवरून. बिल्टी, गेटपास, फास्टॅगचे मेसेज, दादाच्या मोबाईलमधली कॉलची यादी.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला भिवंडी सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बुटीबोरी. तिथे गोदामाबाहेर रांग. गाडी खाली व्हायला तिसऱ्या दिवसाचे सकाळचे नऊ वाजले. पुन्हा माल भरून निघायला दुपारचा एक. हुकूम असा की चौथ्या दिवशी सकाळी सातला भिवंडीच्या गेटला गाडी लागलीच पाहिजे. पहाटे ४:३८ ला घोटीच्या अलीकडे, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा बंद पडलेल्या ट्रेलरवर दादाची गाडी मागून आदळली. ट्रेलरमध्ये कुणी नव्हतं, म्हणून दुसरा जीव गेला नाही.

भिवंडी सोडल्यापासून अठ्ठावन्न तास झाले होते. त्यात सलग चार तासांची झोप एकदाही नाही.

कंपनीच्या कागदावर मात्र काय लिहिलं होतं? "बुटीबोरी येथे आराम: २१ तास." रांगेत उभं राहणं म्हणजे आराम! दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची. नाही सरकवली तर मागचे शिव्या देतात आणि नंबर जातो. पण रांगेत इंजिन बंद असतं आणि इंजिन बंद तर कॅमेरा बंद. गाडी बंद, कॅमेरा बंद, माणूस मात्र चालू. यंत्राच्या लेखी तो माणूस त्या एकवीस तासांत जागाच नव्हता.

आणखी एक गोष्ट. मालासोबत ई-वे बिल लागतं. २०२१ पासून त्याचा नियम असा की साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. नागपूर ते भिवंडी म्हणजे सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे चार दिवस. सरकारने पोत्यांना चार दिवस दिले. मालकाने माणसाला अठरा तास दिले.

ट्रकचा क्लेम झाला, माणसाचा नाही

"चूक ड्रायव्हरची, म्हणून विमा नाही." हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये मी नंतर किती घरांतून ऐकलं, त्याचा हिशेब नाही. म्हणून ते नीट तपासून घेऊ.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो मुळात कशासाठी? ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यायला. चूक झाली म्हणून विमा नाकारायचा, तर मग विमा घ्यायचाच कशाला? विमा कंपनीला हात वर करायला कायद्याने मोजक्या वाटा दिल्या आहेत: लायसन्स नसणं, परमिटचा भंग, दारू किंवा नशा वगैरे. डुलकी त्या यादीत नाही. लायसन्सच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने स्वर्ण सिंग प्रकरणात (२००४) सांगितलं की भंग झाला एवढं पुरेसं नाही, मालकाचा त्यात दोष होता हे विमा कंपनीने सिद्ध करायचं.

आता ड्रायव्हरच्या स्वतःच्या इजेचं काय? इथे खरी मेख आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात दुसऱ्याच्या चुकीबद्दल दावा करता येतो, स्वतःच्या चुकीबद्दल नाही. पण ड्रायव्हर हा कामगार आहे आणि त्याच्यासाठी वेगळा दरवाजा आहे: कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. या कायद्यात चूक कुणाची हा प्रश्नच मुळात नाही. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला, एवढं पुरे. ही जबाबदारी मालकाची आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७ नुसार ट्रकच्या पॉलिसीत ड्रायव्हरपुरती ती सक्तीने धरलेली असते. म्हणजे पैसे द्यायचे विमा कंपनीने. गेल्या नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण चूक न पाहता भरपाई हे तत्त्व तिथेही तसंच ठेवलेलं आहे.

हे त्या सुपरवायझरला माहीत नव्हतं का? त्याला नसेल. मालकाला होतं. कारण त्याच अपघातात, त्याच झोपेत, त्याच ट्रकच्या दुरुस्तीचा क्लेम मालकाने टाकला आणि विमा कंपनीने तो मंजूर केला. सर्व्हेअर आला, फोटो काढले, केबिन नवी बसली. दोन महिन्यांत गाडी रस्त्यावर आली. ड्रायव्हर झोपला म्हणून ट्रकचा क्लेम अडला नाही. पायाचा अडला.

हे पाहिलं त्या दिवशी मला माझी लाज वाटली. मालकाने चूक मानली ती फक्त आमच्यासाठी आणि मीही ती मानून मोकळी झाले होते.

नऊ वेळा

आम्ही नाशिकला कामगार न्यायालयात कर्मचारी भरपाईचा दावा टाकला. एका वकील मित्राने फी न घेता उभं राहायचं कबूल केलं. पहिली मागणी केली की त्या फेरीचं सगळं चित्रण द्या. उत्तर आलं, कार्डावरचं पुसलं गेलं, तुकडा तेवढा आहे.

पण कंपनीने आपल्या लेखी जबाबाला एक कागद जोडला होता. कॅमेरा पुरवणाऱ्याकडून आलेला इशाऱ्यांचा तक्ता. त्या रात्री अकरापासून पहाटे ४:३८ पर्यंत नऊ वेळा इशारा वाजला होता. जांभई, डोळे मिटले, डोळे मिटले, जांभई. आणि सोबत दादाच्या सहीचा एक छापील नियम: "दोन इशारे झाल्यास चालकाने गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवून विश्रांती घ्यावी." कॅमेरे बसवले त्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरांकडून रांगेत सह्या घेतल्या होत्या.

यामागे डाव काय, ते नीट समजून घ्या, कारण उद्या तुमच्या भावाच्या फाईलमध्ये हाच कागद निघेल. १९२३ च्या कायद्यात भरपाई नाकारायला थोडे अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे कामगाराने सुरक्षेसाठी घालून दिलेला नियम जाणूनबुजून मोडला तर. एरवी हे सिद्ध करणं मालकाला जड जायचं. आता कॅमेरा आला. नियमावर सही आहे, इशाऱ्यांची नोंद आहे, तरी गाडी थांबवली नाही. झालं, "जाणूनबुजून". कॅमेरा अपघात टाळायला बसवला म्हणतात. इथे तो जबाबदारी सरकवायला वापरला जात होता.

पण कायद्यातच पुढे लिहिलंय की मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर हा अपवाद लागू होत नाही. म्हणून विमा कंपनीचा वकील जीव तोडून सांगतो की पाय गुडघ्याखालीच गेलाय, हे अंशतः अपंगत्व आहे, चाळीस टक्के धरा. आम्ही म्हणतो, ज्याला गाडी चालवण्याशिवाय दुसरं काम येत नाही, त्याचा उजवा पाय गेल्यावर त्याची ड्रायव्हर म्हणून कमाई शंभर टक्के गेली. १९७५ साली प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक हात गेलेल्या सुताराबद्दल हेच मानलं होतं. हिशेब मांडून पाहा. कायदा महिना १५,००० पर्यंतचाच पगार मोजतो. त्याचे साठ टक्के ९,००० आणि पस्तीस वयाचा गुणक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४० रुपये. चाळीस टक्के धरले तर ७,०९,४१६. आणि "नियम मोडला" हे मान्य झालं तर शून्य. सुपरवायझरच्या कागदावर होते पंचवीस हजार.

आता त्या नऊ इशाऱ्यांकडे पुन्हा पाहा. कंपनी म्हणते, "आम्ही त्याला नऊ वेळा सांगितलं." मी तो तक्ता रात्रभर घेऊन बसले आणि माझ्या लक्षात आलं की पीं पीं वाजल्याबरोबर तुकडा कंट्रोल रूमला जातो. म्हणजे नऊ वेळा दादाला सांगितलं गेलं हे जितकं खरं, तितकंच नऊ वेळा मालकाला कळलं हेही खरं. आपला माणूस झोपेला आलाय, गाडी वीस-पंचवीस टनांची आहे, रस्त्यावर लोक आहेत, हे सगळं रात्री अकरापासून मालकाच्या पडद्यावर होतं. मग मालकाने काय केलं?

दादाच्या मोबाईलवर ११:५० ला कंट्रोल रूमचा कॉल. दादा सांगतो, "तोंडावर पाणी मार आणि चल." २:१२ ला दुसरा कॉल. आणि २:२० ला कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाडीच्या नंबरासह मेसेज: "७ ला गेट. लेट झाली तर ट्रिपचे पैसे कट." हा मेसेज वहिनीने जपून ठेवला होता. कंपनीच्या छापील नियमाने थांबायला सांगितलं, कंपनीच्याच माणसाने पळायला सांगितलं. कोणती आज्ञा मोडायची, एवढंच दादाच्या हातात होतं. छापील मोडली असती तर पाय राहिला असता आणि नोकरी गेली असती.

चाळीसगावचा टांगा

या सगळ्यात मला राहून राहून 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आठवतं. बाबासाहेबांच्या त्या आठवणींत गाडीचे दोन प्रसंग आहेत. १९०१ साली मसूर स्टेशनवरून कोरेगावला जाताना गाडीवाला महारांच्या पोरांना बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेतलं आणि गाडी पोरांनीच हाकायची असं ठरलं. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. टांगेवाल्यांनी महाराचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांना आपल्या नेत्याला पायी न्यायचं नव्हतं. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेला वस्तीतलाच एक माणूस पुढे बसला. टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं.

समजा त्या टांग्यात हाकणाऱ्याकडे तोंड केलेला कॅमेरा असता. त्यात काय दिसलं असतं? लगाम धरता न येणारा एक माणूस. निकाल: हाकणाऱ्याची चूक. हाकणारा तिथे का बसला होता, ज्यांना हाकता येत होतं ते का बसले नव्हते, हे त्या कॅमेऱ्यात कधीच आलं नसतं. बाबासाहेबांनी ते विचारून, शोधून काढलं आणि मग लिहिलं. शेवटच्या क्षणावर ते थांबले नाहीत.

आपण बौद्ध आहोत, तर हे आपल्याला वेगळं शिकवायला नको. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे दुसरं काय? कारणाशिवाय कार्य नाही आणि कारणालाही कारण आहे. डोळा मिटला, कारण झोप नाही. झोप नाही, कारण रांग आणि सातचं गेट. सातचं गेट, कारण उशीर झाला की दंड. ही साखळी एका टोकाला पकडून फक्त शेवटच्या कडीला शिक्षा द्यायची, याला न्याय म्हणत नाहीत. आणि शेवटची कडी नेहमी आपलाच माणूस असतो, हे आपण जन्मापासून पाहत आलोय. गटार साफ करताना माणूस गुदमरतो तेव्हाही कागदावर येतं की "सुरक्षा साधने न वापरता स्वतः उतरला."

कॅमेरा ऐकतोही

आणखी एक गोष्ट दादाने दवाखान्यात सांगितली, अपघाताशी तिचा संबंध नाही. ट्रकची केबिन म्हणजे ड्रायव्हरचं घर. तिथेच झोपणं, जेवणं, कपडे बदलणं, बायकोशी बोलणं. बाकीच्या गाड्यांत देवांचे फोटो, माळा, दिवे. दादाच्या डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा छोटा फोटो आणि मोबाईलला भीमगीताची रिंगटोन. कॅमेरा बसल्यावर पंधरा दिवसांत कंट्रोल रूममधून फोन आला: "ती रिंगटोन बदल. पार्टीच्या गेटवर वाजली तर लोक काय म्हणतील?" कॅमेरा आवाजही घेतो हे त्याला तेव्हा कळलं. २०१५ साली शिर्डीत रिंगटोनवरून आपल्या एका तरुणाचा जीव घेतला गेला, हे या लेखाच्या वाचकांना सांगायला नको. दादाने रिंगटोन बदलली. आम्हाला सांगितलं नाही. लाज वाटली असेल.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा उघडून कलम ७ वाचा. नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानीपासून किंवा कायदेशीर जबाबदारीपासून वाचवण्यासाठी कामगाराचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरता येईल, अशी तिथे सोय आहे. आणि आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा हक्क, कलम ११, तो ज्याने संमती दिली त्याला. म्हणजे संमती न विचारता घेतलेला तुझा चेहरा मालकाला वापरता येईल, पण तू तो पाहायला मागितलास तर हे कलम तुझ्या कामाचं नाही. मालकाला जबाबदारीपासून वाचवायचं, हे कायद्यात शब्दांत लिहिलंय. कामगाराला वाचवायचं, हे आपल्याला लिहायला लावावं लागेल.

मग कॅमेरे फोडायचे का?

नाही. इथे मी काही साथींशी सहमत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात पायी चालणारे, सायकलवाले, दुचाकीवाले, म्हणजे आपलीच माणसं मोठ्या संख्येने आहेत. झोपेला आलेल्या ड्रायव्हरला जागं करणारं यंत्र वाईट कसं असेल? त्या पहाटे ट्रेलरखाली कुणी चाक बदलत असतं तर? हा प्रश्न मी टाळणार नाही. दादाही टाळत नाही. तो म्हणतो, "रात्री दोनला मी थांबायला पाहिजे होतं. पण मला थांबू द्यायला पण कोणी पाहिजे होतं ना."

शिवाय अपघात झाला की मोठ्या गाडीचीच चूक धरून जमाव ड्रायव्हरला तुडवतो. तिथे पुढचा रस्ता दाखवणारा कॅमेरा त्याचा जीव आणि अब्रू दोन्ही वाचवू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ड्रायव्हरांनी चाकं थांबवली, आमच्या मनमाडजवळ पानेवाडीचे टँकर उभे राहिले, तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की आम्ही पळतो ते गुन्हा लपवायला नाही, मार चुकवायला. ते पोटकलम सरकारला थांबवून ठेवावं लागलं. संघटित झालं की कायदाही थांबतो, हे आपण पाहिलंय.

आणि मनमाड म्हटलं की १९३८. तिथे रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. पुढे मजूरमंत्री असताना कारखान्यांतला आठवड्याचा कामाचा वेळ ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी मांडलं. तास मोजणं हीच त्यांची लढाई होती. ट्रक ड्रायव्हरांसाठीही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, असं लिहिलेलं होतं. साठ वर्षं कुणी मोजले नाहीत. कारण मोजायला यंत्र नव्हतं, असं सांगत. आता यंत्र आलं. तर त्याने पापण्या मोजल्या, तास मोजले नाहीत.

म्हणून आपली मागणी कॅमेरा काढा ही नसावी. त्याचं तोंड मालकाकडेही वळवा, ही असावी. इशाऱ्याबरोबर कामाचे तासही नोंदले जावेत आणि रांगेतला वेळ काम म्हणून धरला जावा. ठरावीक इशाऱ्यांनंतर गाडी थांबवण्याची जबाबदारी कंट्रोल रूमची असावी आणि थांबल्याबद्दल पैसे कापू नयेत. अपघातानंतरचं पूर्ण चित्रण ड्रायव्हरला किंवा त्याच्या घरच्यांना फुकट आणि ताबडतोब मिळावं. गाडी उभी असताना आणि ड्रायव्हर झोपायला गेल्यावर कॅमेरा आणि माईक बंद असावेत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी एवढं लक्षात ठेवा. दवाखान्यात कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. पहिल्या आठवड्यातच मालक, विमा कंपनी आणि कॅमेरा पुरवणारा, तिघांना रजिस्टर पोस्टाने लिहा की पूर्ण चित्रण आणि इशाऱ्यांचा तक्ता जपून ठेवा. नंतर ते "पुसलं" म्हणाले तर न्यायालयात ते त्यांच्या विरुद्ध जाऊ शकतं. २०१५ साली वाराणसीच्या एका खुनाच्या खटल्यात हॉटेलचं सीसीटीव्ही चित्रण हजर केलं नाही, याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ते न देणाऱ्यांच्या विरुद्धच काढला होता. बिल्टी, गेटपास, फास्टॅगचे मेसेज, कॉलची यादी, ग्रुपवरचे मेसेज, सगळ्याचे फोटो काढून दोन जणांकडे ठेवा. आणि लगेच वकील गाठा, दावा टाकायला मुदत असते.

आमच्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. दादा आता वस्तीच्या कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. कृत्रिम पाय बसवलाय, पण क्लच-ब्रेकचं काम त्याने होत नाही. दुकानावर येणारी ड्रायव्हर पोरं त्याला विचारतात आणि तो त्यांच्याकडून बिल्टीचे फोटो काढून घेतो. तीस-चाळीस जणांच्या फेऱ्यांचे तास त्याच्या वहीत लिहिलेले आहेत. तारीख, कुठून निघाला, रांगेत किती, झोप किती. कॅमेऱ्याने न मोजलेलं तो मोजतोय.

मागच्या महिन्यात मी त्या वहीची पानं चाळत होते. त्याचा मोबाईल वाजला. जुनीच रिंगटोन, मोठ्या आवाजात. त्याने लगेच उचलला नाही, वाजू दिला.

मी त्याला विचारलेल्या प्रश्नाची माफी मी अजून नीट मागितलेली नाही. आज इथे मागते. दादा, तू झोपला होतास का, हे मी विचारायला नको होतं. तुला किती तास झोपू दिलं नाही, हे विचारायला हवं होतं. आणि ते तुला नाही, मालकाला.

जय भीम.